अर्धवट उघडा नको : बॉल व्हॉल्व्हविषयी तुमचे प्रश्न

या वेळी बॉल व्हॉल्व्हबद्दलची पत्रं इतकी आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी भोसरीत व्हॉल्व्ह दुरुस्तीचं वर्कशॉप चालवते. कारखान्यांतून उतरवलेले व्हॉल्व्ह आमच्या टेबलावर उघडले जातात. त्यामुळे उत्तर लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कॅटलॉग नसतो, खराब झालेल्या सीट असतात. पत्रं थोडी लहान केली आहेत आणि नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी कुरकुंभला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. कंडेन्सरला जाणाऱ्या कूलिंग वॉटरच्या दोन इंची लाइनवर बॉल व्हॉल्व्ह आहे. तो पूर्ण उघडला तर पाणी फार जातं, म्हणून आम्ही हँडल अर्ध्याच्या पुढे बंद करून ठेवतो. कुठे ठेवायचं त्याची पेंटने खूणही केली आहे. पण काही महिन्यांत व्हॉल्व्ह पास व्हायला लागतो, म्हणजे बंद केला तरी गळतो. फिटर सीट बदलतो आणि पुन्हा तेच. मेंटेनन्सवाले म्हणतात, सीटचा माल हलका येतो. आणखी एक गोष्ट कळत नाही. हँडल निम्म्यापर्यंत आणलं तरी पाण्यात फरक पडत नाही, आणि पुढे जरासं ढकललं की पाणी एकदम तुटतं. असं का?

उत्तर : सीटचा माल बरा असेल. तुम्ही त्या व्हॉल्व्हला त्याचं नसलेलं काम दिलं आहे.

आत काय आहे ते आधी पाहू. पॉलिश केलेला स्टीलचा गोळा असतो आणि त्यात आरपार भोक. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना टेफ्लॉनच्या कड्या बसवलेल्या असतात, त्या म्हणजे सीट. हँडल पाइपच्या रेषेत असलं की भोकही रेषेत येतं आणि पाणी सरळ जातं. हँडल आडवं केलं की गोळ्याची भरीव बाजू पाण्यासमोर येते. पाव फेऱ्यात काम झालं. फुल बोअर व्हॉल्व्हमध्ये हे भोक पाइपच्या आतल्या व्यासाएवढंच असतं, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडा असताना पाण्याला तो जवळजवळ जाणवतच नाही. पाइपिंगच्या हिशेबात त्याचा अडथळा व्यासाच्या ३ पट लांबीच्या सरळ पाइपएवढा धरतात. दोन इंची लाइनला तो जेमतेम १५० मिलिमीटर झाला. त्याच मापाच्या साध्या ग्लोब व्हॉल्व्हला, ज्यात पाणी वळणं घेत जातं, ३४० पट धरतात, म्हणजे सुमारे १७ मीटर पाइप.

तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर यातच आहे. लाइनमधून किती पाणी जाणार हे एकटा व्हॉल्व्ह ठरवत नाही. पंपाने दिलेला दाब पाइप, बेंड, कंडेन्सरच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह या सगळ्यांत वाटला जातो. तुमच्या लाइनीत त्यातला बहुतेक दाब कंडेन्सर आणि पाइपच खातात. हँडल निम्म्यावर आणलं तेव्हा व्हॉल्व्हची क्षमता खूप घटली, पण मुळात ती लाइनच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त होती. म्हणून एकूण पाण्यात फरक दिसला नाही. शेवटच्या वीस-पंचवीस अंशांत व्हॉल्व्हचा अडथळा बाकी सगळ्या लाइनला भारी पडू लागतो आणि मग हँडलच्या बोटभर हालचालीत पाणी निम्म्यावर येतं. तुमची पेंटची खूण याच टापूत असणार.

आता सीटचं. अर्धवट स्थितीत गोळ्याचं भोक आणि सीट यांच्यामध्ये दोन टोकांना निमुळती फट उरते. अशी एक फट पाणी आत शिरताना असते आणि दुसरी बाहेर पडताना. पाणी त्यातून जोरात, तिरकं निघतं आणि पुढच्या सीटच्या एकाच भागावर आदळतं. वाळूचे, गंजाचे कण असतील तर तेही तिथेच घासतात. याहून वाईट म्हणजे सीटचा काही भाग गोळ्यावर टेकलेला असतो आणि काही भाग भोकासमोर मोकळा लोंबत असतो. टेफ्लॉन सतत दाबाखाली राहिलं की थंड असतानाही हळूहळू सरकतं. मोकळा भाग भोकात फुगून येतो, आणि शटडाउनला तुम्ही व्हॉल्व्ह बंद करता तेव्हा गोळ्याची कड तो फुगवटा कापून टाकते. आमच्या टेबलावर अशी सीट आली की ओळखू येते. कडीचा तीन चतुर्थांश भाग नव्यासारखा चकचकीत असतो आणि एकाच बाजूला चंद्रकोरीच्या आकाराचा चावा दिसतो. माल हलका असता तर कडी सगळीकडून सारखी झिजली असती.

तिथे कान देऊन ऐका. पाइपमध्ये बारीक खडी वाहत असल्यासारखा आवाज येत असेल तर पोकळीभवनही चालू आहे. फटीत वेग वाढतो, दाब पाण्याच्या बाष्पदाबाखाली जातो आणि बुडबुडे तयार होतात. पुढे दाब परत वाढला की ते फुटतात आणि धातू खरवडतात. बॉल व्हॉल्व्हची वाट सरळ असल्यामुळे त्यात दाब पुढे चटकन परत चढतो. म्हणून ग्लोबच्या तुलनेत यात हा त्रास लवकर सुरू होतो.

उपाय खर्चिक नाही. कंडेन्सरला लागणारं पाणी वर्षभर साधारण तेवढंच असेल, तर लाइनमध्ये हिशेब करून पाडलेल्या भोकाची ओरिफिस प्लेट टाका आणि बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. लोडप्रमाणे पाणी कमी-जास्त करावं लागत असेल, तर ग्लोब व्हॉल्व्ह किंवा व्ही-पोर्ट बॉल व्हॉल्व्ह लावा. व्ही-पोर्टच्या गोळ्यात किंवा सीटवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असते. ती ३०, ६०, ९० अंशांची मिळते. हँडल फिरेल तशी खाच आधी टोकाने आणि मग रुंदीने उघडते, त्यामुळे सुरुवातीच्या अंशांतही पाणी हाताशी राहतं. कागद कारखान्यात लगद्यासाठी हाच वापरतात, कारण खाचेची धार तंतू कापते आणि व्हॉल्व्ह तुंबत नाही. मात्र त्याचं माप लाइनच्या मापावरून ठरवू नका, लागणाऱ्या पाण्यावरून आणि व्हॉल्व्हवर खर्च करायच्या दाबावरून काढा. दोन इंची लाइनवर एक इंची कंट्रोल व्हॉल्व्ह बसणं यात काही चूक नाही. आणि तो कंडेन्सरच्या रिटर्न लाइनवर घ्या, म्हणजे कंडेन्सर दाबाखाली भरलेला राहील. आताचा बॉल व्हॉल्व्ह पुढे तसाच राहू द्या, फक्त उघड-बंद करण्यासाठी.

प्रश्न : मॅडम, मी महाडला ट्रेनी इंजिनीअर आहे. लिक्विड क्लोरीनच्या लाइनसाठी नवे बॉल व्हॉल्व्ह आले. त्यांच्या गोळ्यांना एका बाजूला तीनेक मिलिमीटरचं बारीक छिद्र आहे. स्टोअरमध्ये सगळे म्हणाले की डिफेक्ट पीस आहेत. एका अनुभवी फिटरने तर वेल्डिंगने छिद्र बुजवून देतो म्हणून सांगितलं. काय करावं?

उत्तर : कृपा करून बुजवू देऊ नका. हे पत्र वाचून मी लगेच उत्तर टपालाने पाठवलं आहे. इथे छापते आहे ते इतरांसाठी.

व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा गोळ्याच्या भोकातलं द्रव तिथेच अडकतं. गोळा आणि बॉडी यांच्यामधल्या पोकळीतही द्रव असतं. दोन्ही सीट घट्ट बसलेल्या, म्हणजे हे द्रव चारी बाजूंनी कोंडलं गेलं. क्लोरीन वातावरणाच्या दाबाला उणे ३४ अंश सेल्सिअसला उकळतो, लाइनमध्ये तो दाबाखाली द्रवरूप ठेवलेला असतो. महाडच्या उन्हात व्हॉल्व्ह तापला की कोंडलेल्या द्रवाला प्रसरण पावायला जागा नसते. द्रव दाबलं जात नाही, त्यामुळे थोड्या अंशांच्या फरकानेही आतला दाब झपाट्याने चढतो. मग सीट फाटते, ग्लँडमधून, म्हणजे हँडलच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून, गळती होते किंवा बॉडीचा जोड उघडतो, आणि बाहेर येतो तो क्लोरीन.

ते छिद्र हीच सुटकेची वाट आहे. व्हॉल्व्ह बंद असताना ते दाबाच्या बाजूला, म्हणजे माल येतो त्या बाजूला तोंड करून असतं. कोंडलेलं द्रव तिकडे सरकतं आणि दाब चढत नाही. यामुळे व्हॉल्व्ह एकाच दिशेने बंद करणारा होतो. म्हणून बॉडीवर बाण कोरलेला आहे का ते बघा आणि बाणाप्रमाणेच बसवा. उलटा बसवला तर पोकळी पुढच्या बाजूला जोडली जाते आणि व्हॉल्व्ह छिद्रातून पास होत राहतो. एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू), अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यासाठीही असाच गोळा घेतात. पेरॉक्साइडला तर ऊनही लागत नाही. त्याचं हळूहळू विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो आणि बंद पोकळीत साठत जातो.

एक फरक लक्षात ठेवा. काही गोळ्यांमध्ये स्टेम, म्हणजे हँडलचा दांडा, बसतो त्या खाचेच्या तळाशी छिद्र असतं. ते व्हॉल्व्ह उघडा असताना पोकळी आणि भोक यांचा दाब सारखा करतं, बंद स्थितीत त्याचा उपयोग नाही. तुमच्या व्हॉल्व्हचं छिद्र गोळ्याच्या बाजूला आहे, तेच हवं. स्टोअरमध्ये आणखी दोन गोष्टी तपासा. आतून तेल-ग्रीस पूर्ण काढलेलं असल्याचं प्रमाणपत्र सोबत आहे ना, आणि लाइनवर चढवेपर्यंत तोंडं बंद आहेत ना. क्लोरीन तेला-ग्रीसशी जोरात अभिक्रिया करतो, ओलाव्याबरोबर स्टील खातो.

आणि त्या फिटरना हे नीट समजावून सांगा. त्यांचा हेतू चांगलाच होता. गोळ्यात छिद्र का आहे हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलं नसणार.

प्रश्न : मी साखर कारखान्यात फिटर आहे. १० बारच्या स्टीम लाइनवर १५० क्लासचा टेफ्लॉन सीटचा बॉल व्हॉल्व्ह चालेल का? डीलर म्हणतो चालेल.

उत्तर : मी लावणार नाही. १० बार गेज दाबाच्या वाफेचं तापमान १८४ अंश असतं. क्लास म्हणजे दाब सोसण्याचा ठरलेला दर्जा. १५० क्लासच्या कार्बन स्टील बॉडीला ३८ अंशांना १९.६ बार चालतो, २०० अंशांना १३.८ बार. म्हणजे बॉडी टिकेल. पण तो आकडा बॉडीचा आहे, सीटचा नाही. साधं टेफ्लॉन या तापमानाला इतकं मऊ होतं, की त्याची दाब सोसण्याची ताकद फारच थोडी उरते. डीलरकडे सीटचा दाब-तापमान आलेख मागा. तो नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. काच किंवा कार्बनची भर घातलेली टेफ्लॉन सीट, पीक (PEEK) या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची सीट किंवा धातूची सीट असलेला व्हॉल्व्ह लागेल. शिवाय बॉल व्हॉल्व्हचं हँडल एका झटक्यात फिरतं. थंड लाइनीत साठलेलं कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, वाफेबरोबर ढकललं गेलं, तर ते बेंडवर हातोड्यासारखं बसतं. मेन लाइनवर बायपाससह ग्लोब किंवा गेट घ्या. बॉल घ्यायचाच असेल तर गिअरबॉक्सवाला घ्या आणि हे पाणी बाहेर काढणारा ट्रॅप चालू असल्याची खात्री करून सावकाश उघडा.

प्रश्न : मी मिरजेला मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फ्लोटिंग आणि ट्रनियन यातला फरक पुस्तकात वाचला, पण कुठे कोणता आणि का, हे कळलं नाही. डबल ब्लॉक अँड ब्लीड म्हणजे व्हेसलमध्ये (बंद टाकीत) उतरायला पुरेसं आयसोलेशन, असं समजायचं का?

उत्तर : तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, पण क्रमाने जाऊ.

फ्लोटिंगमध्ये गोळा फक्त दोन सीटच्या आधारावर असतो. स्टेम त्याला फिरवतो, धरून ठेवत नाही. लाइनचा दाब गोळ्याला पुढच्या सीटवर ढकलतो आणि त्या दाबण्यानेच सील होतं. दाब अगदी कमी असेल तर हे दाबणंही कमी, म्हणून हवेच्या कमी दाबाची चाचणी वेगळी घेतात. माप आणि दाब वाढला की गोळ्यामागचा जोर वाढतो, सीट चेपते आणि हँडल फिरवणं जड जातं. त्यामुळे १५० क्लासमध्ये साधारण सहा-आठ इंचांच्या पुढे आणि वरच्या क्लासमध्ये त्याआधीच ट्रनियन घेतात. ट्रनियनमध्ये गोळा वरून आणि खालून खुंट्यांवर पक्का धरलेला असतो आणि स्प्रिंग लावलेल्या सीट त्याच्याकडे सरकतात. दाबाचा भार खुंट्या घेतात, सीटवर येत नाही.

अशा व्हॉल्व्हच्या दोन्ही सीट आपापल्या बाजूचा दाब थोपवत असल्या, तर मधली पोकळी खालच्या नळीतून रिकामी करून बघता येते. व्हॉल्व्ह बंद कर, ही नळी, म्हणजे ब्लीड, उघड. आतला माल निघून गेल्यावर ओघ थांबला तर दोन्ही सीट धरून आहेत. पाइपलाइन व्हॉल्व्हसाठीच्या एपीआय ६डी या मानकाच्या भाषेत हे डबल ब्लॉक अँड ब्लीड.

पण एकाच गोळ्याच्या दोन सीट म्हणजे दोन व्हॉल्व्ह नव्हेत. गोळा एक आहे, स्टेम एक आहे. हँडल चुकून फिरलं, तर दोन्ही सीट एकाच वेळी उघडतात. ओशा या अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संस्थेच्या नियमांत डबल ब्लॉक अँड ब्लीड म्हणजे दोन स्वतंत्र बंद व्हॉल्व्ह आणि मध्ये उघडा ब्लीड, असाच अर्थ आहे. माणूस व्हेसलमध्ये उतरणार असेल, तर मी त्याहीपुढे जाऊन सांगेन : फ्लँज (पाइपचा बोल्टांचा जोड) खोलून ब्लाइंड, म्हणजे भरीव तबकडी, मारा किंवा स्पूल, म्हणजे मधला पाइपचा तुकडा, काढून टाका. उद्या तू साइटवर जाशील, कोणीतरी म्हणेल, "व्हॉल्व्ह नवा आहे, उतर बिनधास्त." तेव्हा ब्लाइंड दिसल्याशिवाय उतरू नकोस आणि दुसऱ्यालाही उतरू देऊ नकोस.

प्रश्न : आमचं शेत रायगड जिल्ह्यात आहे. जवळून दाभोळ-पनवेल गॅसची मोठी पाइपलाइन गेली आहे. बाजूला जाळीच्या कुंपणात जमिनीवर मोठं यंत्र आणि उंच नळकांडं आहे. तिथे कोणी राहत नाही. हे काय आहे? गॅस सुटला तर आम्ही काय करायचं? घरात लहान मुलं आहेत.

उत्तर : वहिनी, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. ते सेक्शनलायझिंग व्हॉल्व्हचं ठाणं असणार. लांबच लांब पाइपलाइन भागाभागांत तोडता यावी, म्हणून मध्ये मध्ये असे व्हॉल्व्ह बसवतात. एएसएमई या अमेरिकन इंजिनीअरांच्या संस्थेच्या गॅस पाइपलाइनसाठीच्या बी३१.८ संहितेत वस्तीच्या दाटीप्रमाणे त्यांच्यातलं अंतर ठरवलेलं आहे. विरळ वस्तीत जास्तीत जास्त ३२ किलोमीटर, मग २४, १६ आणि दाट वस्तीत ८. कुठे पाइप फुटला, तर दोन ठाण्यांमधला तेवढाच गॅस बाहेर जावा, हा हेतू.

तुम्हाला दिसतं ते यंत्र व्हॉल्व्ह फिरवणारं आहे, खरा व्हॉल्व्ह बहुधा जमिनीखाली पुरलेला असतो. त्यातला गोळा काही टनांचा असू शकतो. अशा ठिकाणी पुष्कळदा लाइनमधल्याच गॅसच्या दाबाने टाकीतलं तेल ढकलतात आणि त्या तेलाच्या जोरावर गोळा फिरवतात. त्यामुळे वीज गेली तरी काम अडत नाही. लाइनमधला दाब नेहमीपेक्षा फार वेगाने उतरायला लागला, की हे यंत्र ते ओळखून स्वतःच व्हॉल्व्ह बंद करतं. दूरच्या नियंत्रण कक्षातूनही बंद करता येतो. म्हणून तिथे माणूस राहण्याची गरज नाही. उंच नळकांड्यातून, दुरुस्तीच्या वेळी, अडकलेला गॅस वर हवेत सोडतात.

अशा लाइनवर बॉल व्हॉल्व्हच का, हेही सांगते. पाइपच्या आतून सफाईची आणि तपासणीची यंत्रं पाठवतात, त्यांना पिग म्हणतात. काही पिग लोहचुंबकाच्या साहाय्याने पाइपची जाडी कुठे घटली आहे, ते टिपत जातात. त्यांना वाटेत कुठेही अरुंद जागा चालत नाही. फुल बोअरचा गोळा पूर्ण उघडा असला की पिगला व्हॉल्व्हमधून सरळ जाता येतं. जरासा जरी अर्धवट राहिला तर पिग तिथे अडकतो आणि गोळ्याची कडही चेपते.

आता मुलांचं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या गॅसला मुद्दाम वास लावलेला असतो. मोठ्या लाइनीतल्या गॅसला तसा वास असेलच असं नाही, म्हणून वासावर विसंबू नका. सतत फुत्कार ऐकू आला, जमिनीतून धूळ उडताना दिसली, ओलसर जागी बुडबुडे दिसले किंवा लाइनवरचं गवत एका पट्ट्यात अवेळी वाळलं, तर वारा ज्या बाजूकडून येतो आहे त्या बाजूला दूर चालत जा. गाडी, पंप, मोबाइल तिथे चालू करू नका. लांब गेल्यावर, लाइनच्या खुणेच्या खांबावर लिहिलेल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक आजच घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि लाइनच्या पट्ट्यावर जेसीबी लावायचा असेल, विहीर किंवा चर खणायचा असेल, तर आधी त्याच क्रमांकावर विचारा.

प्रश्न : तळोज्याला युटिलिटीत आहे. रॉ वॉटरच्या सुमारे ६०० मीटर लांब लाइनच्या टोकाला हाताचा गेट व्हॉल्व्ह होता. तो काढून हवेवर चालणारा बॉल व्हॉल्व्ह लावला. आता तो बंद झाला की सगळी लाइन धडाडते. दोन गॅस्केट उडाल्या, एका सपोर्टचा बोल्ट तुटला. लाइनचा दाब फक्त ४ बार आहे.

उत्तर : लाइनचा दाब ४ बार आहे, पण बंद होण्याच्या क्षणी तो ४ राहत नाही. वाहतं पाणी एकदम अडलं की त्याचा वेग दाबात बदलतो. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९८ मध्ये याचा हिशेब मांडला. दाबातली वाढ म्हणजे पाण्याची घनता, पाइपमधल्या दाबलहरीचा वेग आणि अडवलेला वेग यांचा गुणाकार. स्टीलच्या पाइपमध्ये लहरीचा वेग सेकंदाला साधारण १,२०० मीटर धरा. तुमचं पाणी सेकंदाला २ मीटरने जात असेल, तर वाढ २४ बारची येते. त्यात मूळचे ४ मिळवले की २८. तुमच्या १५० क्लासच्या फ्लँजची मर्यादा १९.६ बार आहे. गॅस्केट का उडाल्या, ते यावरून कळेल.

ही पूर्ण वाढ केव्हा येते? लहर पंपापर्यंत जाऊन परत येण्याच्या आत व्हॉल्व्ह बंद झाला तर. ६०० मीटरला जाऊन-येऊन १,२०० मीटर, म्हणजे १ सेकंद. हवेचा ॲक्चुएटर, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणारं यंत्र, तेवढ्या वेळात सहज बंद होतो. गेट व्हॉल्व्हचं चाक फिरवायला माणसाला बराच वेळ लागायचा, म्हणून आजवर काही झालं नाही.

ॲक्चुएटरची हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या सोलेनॉइडच्या एक्झॉस्टला वेग कमी करणारे स्क्रू लावा आणि बंद होण्याचा वेळ वाढवा. पण इथे एक फसगत होते. कुरकुंभच्या मित्रांना वर लिहिलं तेच : बॉल व्हॉल्व्हच्या पाव फेऱ्यातल्या पहिल्या दोन तृतीयांश भागात पाणी फारसं तुटतच नाही, सगळं शेवटच्या वीस-पंचवीस अंशांत होतं. म्हणजे तुम्ही ४ सेकंद लावलेत, तर पाणी प्रत्यक्षात शेवटच्या सेकंदभरातच अडतं. निदान १५-२० सेकंदांपासून सुरू करा. लाइनवर दाबमापक लावून टोकाचा दाब बघा आणि त्यावरून वेळ जुळवा. हवा गेल्यावर स्प्रिंगने बंद होणारा ॲक्चुएटर असेल, तर स्प्रिंगच्या फेऱ्याचा वेगही आवरलेला आहे ना, हे हवा तोडून तपासा. नुसतं बटण दाबून बघितलं तर वीज किंवा हवा जाईल त्या रात्री पुन्हा गॅस्केट उडेल. तुटलेला बोल्ट बदलताना बाकीच्या सपोर्टची वेल्डिंगही बघून घ्या, त्यांनीही तेच धक्के खाल्ले आहेत.

प्रश्न : ताई, तुम्ही या सदरात नेहमी लिहिता की बॉल व्हॉल्व्ह अर्धवट ठेवू नये. पण आम्ही चाकणला टेस्टिंगला गेलो होतो, तिथे हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) व्हॉल्व्ह मुद्दाम अर्धा उघडा ठेवला होता. मग बरोबर काय?

उत्तर : टेस्टिंगवाल्यांचं बरोबर आहे. ती बॉडीची चाचणी होती. गोळा अर्धवट ठेवला की पाणी मधल्या पोकळीतही शिरतं आणि सगळी बॉडी, ग्लँड, जोड ३८ अंशांना चालणाऱ्या दाबाच्या दीडपट दाबाखाली येतात. पूर्ण उघडा किंवा बंद ठेवला तर पोकळीपर्यंत दाब नीट पोहोचला की नाही, याची खात्री राहत नाही. तिथे पाणी वाहत नाही, त्यामुळे सीट झिजण्याचा प्रश्नही येत नाही. त्यानंतर गोळा बंद करून १.१ पट दाबाने सीटची चाचणी घेतात आणि शेवटी साधारण ६ बार हवेने.

चाचणी झाल्यावर मात्र पोकळीतलं पाणी काढायला सांगा. ते आत राहिलं तर कार्बन स्टीलची बॉडी स्टोअरमध्येच गंजते, आणि गंजाचे कण लाइन चालू झाल्यावर सीटवर जातात. वाळवल्यानंतर गोळा पूर्ण उघडा करून, दोन्ही तोंडांना झाकणं लावून व्हॉल्व्ह ठेवायचा. उघड्या स्थितीत गोळ्याचा सील होणारा भाग बॉडीच्या आत सुरक्षित राहतो. नव्या लाइनीत वेल्डिंगचे थेंब आणि ग्राइंडिंगचा कीस असतो, त्यामुळे लाइन फ्लश होईपर्यंत व्हॉल्व्हच्या जागी स्पूल ठेवता आला तर उत्तम. नाहीतर फ्लशिंगभर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. ते संपेपर्यंत हँडल काढून सुपरवायझरकडे द्या. हँडल नसलं तरी स्टेमच्या डोक्यावरची खाच बघून भोक कोणत्या दिशेला आहे, ते कळतं.